पहिलं गिऱ्हाईक

ओझर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तुम्ही जुन्नर-आंबेगावकडचे असाल तर उत्तर ठरलेलं. विघ्नहराचं देऊळ, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी सोन्याचा मुलामा दिलेला त्याचा कळस, दीपमाळा आणि जवळच पसरलेलं येडगाव धरणाचं पाणी. पण हॉस्टेलवरचा तुमचा रूममेट नाशिकचा असेल, तर तो वेगळंच काही सांगेल. त्याच्या ओझरला विमानं बनतात. मिग-२१ तिथे बनलं, पुढे सुखोई-३० तिथेच बनलं. एचएएलमध्ये नोकरी केलेला एखादा काका-मामाही त्याच्या नात्यात निघेल.

या दुसऱ्या ओझरच्या गोष्टीची सुरुवात मात्र नाशिकला झाली नाही. ती झाली बंगळूरला, १९४० साली, आणि ती करणारा माणूस होता सोलापूरचा. वालचंद हिराचंद. नाव तुमच्या कानावर असणारच. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा कट-ऑफ तुम्ही बघितला असेल. रावळगावची गोळी खाल्ली असेल. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. मुंबईची जुनी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही याच माणसाने काढलेल्या कंपनीची.

आज त्यांची गोष्ट सांगायला एक निमित्त आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात तुम्हाला एक प्रश्न हमखास भेटतो: सरकारने खरेदी करताना देशी मालाला झुकतं माप द्यावं का? परदेशी माल चांगला आणि स्वस्त मिळत असेल, तर लोकांच्या करातला पैसा देशी मालावर का घालायचा? पुस्तकात याची दोन्ही बाजूंची मुद्देसूद उत्तरं मिळतात. वालचंद यांच्या आयुष्यात मात्र हा प्रश्न प्रत्यक्ष घडून गेला. एकाच युद्धात, एकाच माणसाने सरकारपुढे दोन कारखान्यांचे प्रस्ताव ठेवले. एकाला सरकार गिऱ्हाईक मिळालं, दुसऱ्याला नाही. पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

पदवी नाही, कंत्राट

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन, पण सोलापुरात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा व्यापार आणि सावकारी करायचे. आई तर वालचंद तान्हे असतानाच गेली. १८९९ मध्ये मॅट्रिक होऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी काही घेतली नाही. घरच्या धंद्यातही मन रमेना.

मग त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून कंत्राटं घ्यायच्या खटपटीत होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, वालचंद यांच्या घरी भांडवल होतं. दोघांनी भागीदारी केली आणि १९०३ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांसाठी मातीकाम घेतलं. तिथून कामं वाढत गेली. मुंबई-पुणे प्रवासात बोरघाटातले बोगदे लागले की तुमच्या मोबाइलची रेंज जाते ना? त्या घाटातल्या बोगद्यांचं काम वालचंद यांच्या कंपनीने केलं. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपलाइनचं कामही त्यांच्याकडे होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रेल्वे, बंदरं, पाणीपुरवठा, लष्कर, सगळीकडे मोठी खरेदी करणारा एकच होता, सरकार किंवा सरकारच्या सावलीतल्या कंपन्या. माती इथली, मजूर इथला, कंत्राटदारही आता इथला. पण रूळ, पूल आणि इंजिन कुठून यायचं? बहुतेक विलायतेतून.

यादी लंडनला जायची

असं का व्हायचं? कायद्याने देशी माल घ्यायला बंदी होती म्हणून? तसं नव्हतं. उलट १८८३ साली, लॉर्ड रिपन व्हाइसरॉय असताना, सरकारने ठराव केला होता की दर्जा आणि किंमत विलायती मालाच्या तोडीची असेल तर इथला माल घ्यावा. कागदावर छानच होतं.

अडचण खरेदीच्या पद्धतीत होती. भारतातली खाती हव्या असलेल्या मालाची यादी करून लंडनला पाठवायची. टेंडर लंडनमध्ये निघायचं, तपासणी तिथेच व्हायची, पैसे पौंडात चुकते व्हायचे. सोलापूरच्या किंवा किर्लोस्करवाडीच्या कारखानदाराला त्या टेंडरची बातमी लागेपर्यंत जहाज मुंबईला येऊन माल उतरलेला असायचा. शिवाय यादी करणारा इंजिनिअर विलायतेत शिकलेला. ज्या मालावर तो शिकला, तसाच माल तो मागायचा.

पहिल्या महायुद्धात जहाजं मिळेनात, विलायती माल येईना, तेव्हा सरकारचे डोळे जरा उघडले. औद्योगिक आयोग नेमला गेला, आणि १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट नावाचं खरेदी खातं भारतात सुरू झालं. टेंडर भारतात काढायचं, भाव रुपयांत द्यायचा आणि माल भारतात पोचता करायचा, हा नियम यायला आणखी आठ-नऊ वर्षं लागली. नुसतं टेंडरचं गाव आणि चलन बदलण्यासाठी अर्धं शतक गेलं, असंच म्हणा ना!

या काळातली एक गोष्ट सगळ्या देशी कारखानदारांच्या मनात घर करून राहिली. १९२१ मध्ये सरकारने जाहीर केलं की रेल्वे इंजिनांसाठी भारतातल्या कारखान्यांकडूनही टेंडर मागवू. त्या भरवशावर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. ऑर्डरी काही आल्या नाहीत. शेवटी तो कारखाना सरकारनेच विकत घेतला. पुढे १९४५ मध्ये तो टाटांकडे गेला आणि तिथे टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, सुरू झाली. आश्वासन आणि ऑर्डर यांत किती अंतर असतं, ते त्या पिढीने असं पाहिलं.

समुद्रावरची झुंज

वालचंद यांनी हाच धडा समुद्रावर गिरवला. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जहाज विकायचं आहे. युद्धात ते जखमी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. नाव होतं लॉयल्टी. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने वालचंद यांनी ते घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. दर वर्षी ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच दिवसाच्या आठवणीसाठी.

जहाज मिळालं, पण माल? भारताच्या किनाऱ्यावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनचं राज्य होतं, आणि सरकारी टपालाचं कंत्राट पी अँड ओ कंपनीकडे. या दोन्ही कंपन्यांचे प्रमुख एकच, लॉर्ड इंचकेप. सिंदिया उतरली तशी इंचकेप यांच्या कंपनीने वाहतुकीचे दर इतके पाडले की नव्या कंपनीचा दम निघावा. त्याच सुमारास भारत सरकारने खर्चात काटकसर सुचवायला एक समिती नेमली. अध्यक्ष कोण? इंचकेपच. ज्यांच्याशी तुमची बाजारात लढाई, तेच सरकारच्या खर्चाचे सल्लागार! अखेर १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. जहाजं किती ठेवायची, यावर त्यात मर्यादा आली. कंपनी जगली, पण हात बांधून घेऊन.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. वालचंद यांनी या काळात नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या माळावर ऊस लावला, १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला, आणि लगेचच नीरा कालव्याच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यात वालचंदनगर उभं केलं.

एक युद्ध, दोन प्रस्ताव

१९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा वालचंद अमेरिकेत होते. ते गेले होते मोटारींच्या कारखान्यासाठी. भारतात मोटार बनवायची योजना सर विश्वेश्वरय्या यांनी काही वर्षांपूर्वी तयार केली होती आणि वालचंद यांनी ती उचलून धरली होती. मुंबईत बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, त्याचा या योजनेला पाठिंबा होता. क्रायस्लर कंपनीशी बोलणी चालली होती.

परतताना पॅसिफिक महासागरावरच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ भेटले. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. वालचंद यांच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. चीनमध्ये होतं, तर भारतात का नाही? वाटेतूनच त्यांनी भारत सरकारला विमान कारखान्याचा प्रस्ताव पाठवला.

म्हणजे आता टेबलावर दोन प्रस्ताव होते, मोटार आणि विमान. सांगा बरं, तुम्ही पैज कशावर लावली असती? मोटार सोपी. रस्त्यावर मोटारी धावत होत्या, दुरुस्ती करणारे मिस्त्री होते, क्रायस्लर तयार होती, गिऱ्हाईकही होतं. विमान बनवायला देशात काहीच नव्हतं. तरी झालं नेमकं उलटं.

विमानाच्या प्रस्तावाकडे सरकारने आधी लक्षच दिलं नाही. मग १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं, ब्रिटन एकटं उरलं आणि ब्रिटिश कारखान्यांतून भारताला विमान मिळण्याची आशा संपली. तेव्हा सरकारने वालचंद यांना विचारलं आणि विमानांची ऑर्डर द्यायची तयारी दाखवली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन दिली आणि संस्थानातर्फे २५ लाख रुपये घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. यंत्रं आणि तज्ज्ञ पॉली यांच्यामार्फत अमेरिकेहून आले. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे कंपनी कागदावर आल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, वैमानिकांच्या शिक्षणासाठी लागणारं पहिलं हार्लो विमान तयार झालं. पुढच्या वर्षी हॉक हे लढाऊ विमानही बंगळूरहून उडालं. सुटे भाग अमेरिकेतून आलेले होते, जोडणी इथली होती. पण हात इथले होते, आणि ते शिकत होते.

मोटारीचं काय झालं? मागणी मोठी नव्हती. लष्कराला हजारो गाड्या लागणारच आहेत, त्यातल्या काही आमच्याकडून घ्या, आणि अमेरिकेतून यंत्रं आणायला डॉलर द्या. सरकारने हा कारखाना युद्धाच्या कामाचा मानलाच नाही. ऑर्डर नाही, डॉलर नाही. लष्कराचे ट्रक कॅनडा-अमेरिकेतून सुट्या भागांत आले आणि भारतात त्यांची जोडणी केली फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी. युद्ध चालू, गाड्यांची गरज चालू, देशी माणूस दारात उभा, आणि पैसे चालले समुद्रापार. वालचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी नोंदवली ती १९४४ मध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली मार्च १९४७ मध्ये. विमानाला लागले नऊ महिने, मोटारीला सात वर्षांहून जास्त. माणूस तोच होता. एका कामात सरकार पहिलं गिऱ्हाईक झालं, दुसऱ्यात झालं नाही.

जहाजबांधणीची गोष्ट या दोन्हींच्या मधली. विशाखापट्टणमला सिंदियाच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी जपानी बॉम्ब पडले, काम रखडलं. जलउषा हे पहिलं मोठं जहाज पाण्यात उतरलं ते मार्च १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. इथे बनलेलं जहाज विलायती जहाजापेक्षा महाग पडत होतं. तेव्हा आपल्या सरकारने काय केलं? जहाजांची ऑर्डर दिली आणि दोन किमतींतला फरक स्वतः सोसला. देशी मालाला झुकतं माप देण्याची किंमत कुणीतरी भरावी लागते, आणि ती सरकारने उघडपणे भरली.

गिऱ्हाईक मालक होतं तेव्हा

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग ठरलं, सरकारने देशीच घ्यावं. जरा थांबा. गोष्टीला दुसरी बाजू आहे.

ज्या कारखान्याचं एकच गिऱ्हाईक असतं, त्याचा खरा मालक ते गिऱ्हाईकच असतं. बंगळूरच्या कंपनीत भारत सरकार आधी भागीदार झालं आणि एप्रिल १९४२ मध्ये, जपान दाराशी आल्यावर, त्याने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. दीड वर्षापूर्वी स्वतः काढलेल्या कंपनीतून वालचंद बाहेर पडले. विशाखापट्टणमची गोदीही १९५२ पासून सरकारच्या ताब्यात जाऊ लागली.

आणि मोटार? स्वतंत्र भारताने तिला भरपूर संरक्षण दिलं. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांना १९५० च्या दशकात गाशा गुंडाळावा लागला. मैदानात दोन-तीन देशी कंपन्या उरल्या. मग गिऱ्हाइकाने रांगेत उभं राहायचं आणि मिळेल ती गाडी घ्यायची, असे दिवस आले. आजोबांना विचारा, फियाटसाठी नंबर लावून किती वर्षं वाट बघितली ते. १९८३ मध्ये मारुती आली, तेव्हा कुठे लोकांना नव्या गाडीची चव कळली. देशी म्हणून जवळ केलेली वस्तू सुधारलीच पाहिजे, अशी अट कुणी घातली नाही, त्याची किंमत लोकांनी वर्षानुवर्षं मोजली.

हे सगळं पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. बंगळूरच्या त्यांच्या कंपनीत १९६४ मध्ये मिग बनवण्यासाठी काढलेली सरकारी कंपनी विलीन झाली, तिचं नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स झालं, आणि नाशिकजवळचं ओझर नकाशावर आलं.

आजचा नियम वाचा

आता आजच्या काळात या. जून २०१७ मध्ये केंद्र सरकारने खरेदीचा एक आदेश काढला. मेक इन इंडियाला प्राधान्य देणारा आदेश म्हणून तो ओळखला जातो. २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. वस्तूच्या किमतीतला निदान ५० टक्के वाटा देशात तयार झाला असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला, २० टक्क्यांपासून ५० पर्यंत असेल तर दुसऱ्या वर्गातला, आणि त्याखाली असेल तर बिगर-स्थानिक. २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीला सहसा जागतिक टेंडर काढता येत नाही.

यातली गंमत पुढे आहे. टेंडरमध्ये सगळ्यांत कमी भाव पहिल्या वर्गाबाहेरच्या पुरवठादाराचा आला, आणि देशी पुरवठादाराचा भाव त्याच्या २० टक्क्यांच्या आत असला, तर देशी पुरवठादाराला विचारलं जातं: त्या कमी भावात देतोस का? तो हो म्हणाला तर माल वाटून घेता येण्यासारखा असल्यास निम्मी ऑर्डर त्याला, नाहीतर सगळीच. म्हणजे सरकार इथे जास्त पैसे मोजत नाही, देशी कारखानदाराला आणखी एक संधी देतं. १८८३ च्या ठरावातही तोडीच्या भावाची अट होती. फरक इतकाच की तेव्हा टेंडर लंडनला निघायचं आणि आज ते तुमच्या मोबाइलवर दिसतं.

नियम चांगला की वाईट, हे मी सांगणार नाही. पण वालचंद यांचं आयुष्य वाचल्यावर कुठल्याही अशा नियमाला तीन प्रश्न विचारता येतात. ऑर्डर खरंच निघते का, की नुसतं आश्वासन आहे? ५० टक्के देशी म्हणतात त्यात अवघड भाग इथे बनतो, की नुसतं खोकं आणि जोडणी? आणि दर दोन-तीन वर्षांनी माल सुधारतो का?

तिन्हींची उत्तरं जिथे बरी निघतात, तिथे काय होतं हे बघायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या ओझरपासून नारायणगावमार्गे खोडदला जा. जीएमआरटीच्या ३० अवाढव्य अँटेना आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. हलक्या तारांच्या जाळीची ती रचना भारतात आखली गेली आणि भारतातच बांधली गेली, पैसा सरकारी. जगभरचे शास्त्रज्ञ निरीक्षणासाठी इथे वेळ मागतात. आणि वालचंदनगरच्या कारखान्याने साखरेच्या यंत्रांपासून सुरुवात करून इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग बनवली. तिथेही गिऱ्हाईक सरकारच होतं, पण ते गिऱ्हाईक चोखंदळ होतं. रॉकेटच्या भागात चूक चालत नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या ड्रोन बनवेल, कुणी शेतीचं यंत्र, कुणी दवाखान्याचं उपकरण. पहिला नमुना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होईल, बक्षीसही मिळेल. खरी अडचण त्यानंतर येते, पहिली ऑर्डर कोण देणार? आणि तुमच्यातलेच काही जण एमपीएससी होऊन खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसतील, टेंडर काढतील. तेव्हा समोरच्या फाइलमधल्या देशी नावावर नुसतं बोट ठेवून ती पुढे ढकलू नका, आणि नुसतं देशी आहे म्हणून सहीही करू नका. माल उघडून बघा, मग ठरवा.